गुलाबाच्या कुंडीत थिमेट टाकू नका

दसऱ्याच्या सुमारास छाटलेल्या गुलाबांना आता तांबूस, लुसलुशीत फूट आली आहे आणि तिच्या पाठोपाठ मावाही आला आहे. निगडी प्राधिकरणातले बंगले असोत, मोशी-रावेतच्या सोसायट्यांतल्या गॅलऱ्या असोत की चाकणच्या कंपन्यांच्या गेटजवळचे वाफे, सगळीकडे हीच वेळ असते. आणि नेमका याच वेळी ‘चमचाभर थिमेट मातीत टाका, महिनाभर बघायला नको’ असा सल्ला मिळतो. हात जोडून सांगतो, तो ऐकू नका.

थिमेट म्हणजे फोरेट, अत्यंत जहाल विष. ते मुळांवाटे झाडात चढते आणि पानाफुलांत भिनते. त्याच झाडाचे फूल आपण देवाला वाहतो, त्याच्याच पाकळ्या गुलकंदासाठी खुडतो. त्याच कुंडीतली माती रांगते मूल तोंडात घालते. केंद्र सरकारने ऑगस्ट 2018 मध्ये 18 कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यातल्या फोरेटसह 6 औषधांचा वापर 31 डिसेंबर 2020 पासून पूर्ण बंद आहे. ‘नुवान’ म्हणून घराघरांत माहीत असलेले डायक्लोरव्हॉसही त्यांत आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. तिथली औषधे वेगळी होती, पण ती माणसे उघड्या रानात होती. आपण तर जाळी लावलेल्या गॅलरीत फवारतो आणि आत स्वयंपाक चालू असतो.

आधी पान उलटून बघा. कळीच्या मानेला हिरवे, मऊ ठिपके चिकटले असतील आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा असेल, तर तो मावा. त्याच्यातच एखादी काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी अळी फिरताना दिसली तर तिला मुळीच मारू नका. ते ढालकिड्याचे पिल्लू आहे आणि मावा हेच त्याचे अन्न आहे. पानांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या अर्धगोल दिसत असतील, तर ते पानकापी मधमाशीचे काम. ती तो तुकडा घरट्याच्या अस्तराला नेते, पान खात नाही. तिच्यासाठी औषध शोधू नका.

माव्याला सकाळी पाण्याची जोरदार धार पुरते. दोन-तीन दिवसांआड पानांच्या खालून मारली की बहुतेक मावा धुऊन जातो. तरी राहिलाच तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण नीट घुसळून संध्याकाळी फवारा, म्हणजे पाने भाजत नाहीत आणि मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात. फुलकिड्यांमुळे कळ्या वेड्यावाकड्या होऊन कडेने करपतात. अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका आणि झाडाजवळ निळा चिकट सापळा लावा. खोडावरची खवले कीड जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा.

लाल कोळी मात्र खरा चिवट. फेब्रुवारीत ऊन तापू लागले की तो आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी तयार करतो. पान फिकट, धुरकट पडते आणि खालच्या बाजूला बारीक जाळे दिसते. जहाल कीटकनाशकाने त्याला खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी दुपटीने फोफावतो. मावळातल्या हरितगृहांतले गुलाब उत्पादक म्हणूनच रोज पाने उलटून तपासतात. आपल्या चार कुंड्यांना तर पाच मिनिटेही लागणार नाहीत.

कंपन्यांच्या आणि सोसायट्यांच्या व्यवस्थापनाला वेगळी विनंती आहे. बागेचे काम कंत्राटावर दिले म्हणून जबाबदारी संपत नाही. माळीदादा कोणते औषध फवारतात, डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे, हे विचारा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे दिल्याशिवाय कुणालाही पंप पाठीवर घेऊ देऊ नका. पाण्याच्या बाटलीत सुटे भरून आलेले औषध तर दारातूनच परत पाठवा.

फवारणीनंतर कुणाला दरदरून घाम, लाळ, मळमळ, धूसर दिसणे असा त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा पुडी सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

आज संध्याकाळी एवढे कराच. गॅलरीतले कपाट आणि जिन्याखालचा कोपरा तपासा. थिमेटची जुनी पुडी किंवा नुवानची बाटली सापडली तर ती मोरीत किंवा गटारात ओतू नका, तिथले पाणी शेवटी पवना-इंद्रायणीलाच मिळते. घट्ट बांधा, वर ‘विष’ असे लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि घरगुती घातक कचरा म्हणून घंटागाडीवर वेगळी द्या. आणि शेजाऱ्यांनाही सांगा.