मनगटाला कळणारी मशीन

मुंबईत मुलुंडला बनलेली रॅलीवुल्फची जुनी ड्रिल मशीन उचलली की वजन आधी मनगटाला कळतं. बॉडी सगळी धातूची. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावात अशी मशीन एकतर भंगारात किलोवर जाते, नाहीतर घरामागच्या शेडमधल्या एखाद्या हौशी माणसाच्या हाती लागते. तो आधी नाक लावतो. जळका वास आला तर आर्मेचर गेलं, म्हणजे रिवाइंडिंगचा खर्च. नाही आला तर निम्मं काम झालं! गिअरमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते रॉकेलनं धुवायचं, झिजून नखाएवढे उरलेले कार्बन ब्रश बदलायचे, कम्युटेटरवरची काजळी बारीक काचपेपरनं काढायची. (एमरी नको, तिचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकले की ठिणग्या.) पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा ही कल्पना बाल्टिमोरच्या ब्लॅक आणि डेकर या जोडगोळीची, पेटंट १९१७ चं, रूप आजही तेच. दुरुस्तीत गफलत होते ती वायरीत. धातूच्या बॉडीला अर्थिंग हवंच, तरी दोन पिनांचा प्लग लावून मोकळे होणारे पुष्कळ. तीन पिनांची नवी वायर टाकायची, मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, मगच बटण दाबायचं: आधी जराशी घरघर, मग चढत जाणारा सूर.