गाळा आधी, कॅमेरा नंतर

बारामती किंवा इंदापूरच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओसाठी मिळणारा गाळा बहुधा दहा फूट रुंद आणि वीस फूट खोल असतो. लेन्स कोणती घ्यायची, हे विक्रेत्याच्या सल्ल्यापेक्षा या मापावर ठरते. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने घ्यायचा, तर मध्ये साडेदहा फूट अंतर लागते. सावली पडद्यावर पडू नये म्हणून माणूस पडद्याच्या पाच फूट पुढे उभा राहतो आणि छायाचित्रकाराला मागे सरकायला तीनेक फूट हवेत. वीस फूट जेमतेम पुरतात. ८५ मिमीची लेन्स चेहऱ्याला उत्तम, पण तिने उभा फोटो घ्यायला शेजारच्या गाळ्याची भिंत फोडावी लागेल. पोटमाळ्याचा गाळा किफायतशीर वाटतो. मात्र पोटमाळ्याखाली दिव्याची छत्री डोक्याच्या वर जात नाही. छत निदान दहा फुटांवर हवे. भिंती पांढऱ्या किंवा राखाडी ठेवाव्यात, कारण पोपटी भिंतीचा रंग नवरीच्या गालावर उतरतो.

पैसा आधी दिव्यांवर घालावा. मध्यम कॅमेरा चांगल्या उजेडात निभावून नेतो. वाईट उजेडात महागडाही हात टेकतो. सुरुवातीला तीनशे-चारशे वॅट-सेकंदांचे दोन स्टुडिओ फ्लॅश, एक सॉफ्टबॉक्स, एक छत्री आणि थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा एवढे पुरे. दिवा चार फुटांवरून आठ फुटांवर नेला की उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. नवख्याची बहुतेक फसगत इथेच होते. आयएसओ १००, शटर १/१२५ आणि एफ/८ यांपासून सुरुवात करून दिव्याची ताकद कमी-जास्त करावी. फ्लॅशचा उजेड सुमारे ५५०० केल्विनचा असतो, म्हणून फोटो घेताना खोलीतले पिवळे दिवे बंदच ठेवावेत.

कॅमेऱ्याचे या भागातले शत्रू दोन. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की परिसरात धुराड्यांची काजळी उडते. लेन्स बदलायची ती बंद खोलीत, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल हा स्वस्त उपाय आहे, फक्त जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे लागते. संगणक आणि प्रिंटरला यूपीएस हवाच, नाहीतर अर्धा छापलेला कागद वाया जातो.

पासपोर्टसाठीचा फोटो आता पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात, तरी शाळा-कॉलेजच्या अर्जांमुळे ‘पासपोर्ट साईज’ टिकून आहे. खरी मिळकत लगीनसराईची. चातुर्मासात काम रोडावते, तेव्हा बारसे आणि डोहाळजेवणावर भागवावे लागते. लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी भिगवणला उजनीच्या पाणलोटावर जातात. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी असतात, पण त्यांच्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स लागते. ती विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे शहाणपणाचे. बारामतीच्या विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, तेव्हा आसपास ड्रोन उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिलाच पाहिजे.

कागदपत्रांचे ओझे फारसे नाही. वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर एरवी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. करारनाम्याचा कागद मात्र पहिल्या ऑर्डरपासून असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढणारा नसून काढवून घेणारा असतो. स्टुडिओच्या दर्शनी काचेत एखाद्या नवरीचा फोटो लावायचा असेल, तर तिची लेखी परवानगी आधी घ्यावी.