जागा खुली झाली, तरी दावा कायम आहे

पाच वर्षे सरपंचपद सांभाळलेली बाई पुढच्या खेपेला आरक्षण फिरले की उमेदवारी अर्जच भरत नाही. ‘आता जागा खुली झाली’ एवढे कारण घरच्यांना, गावाला आणि बहुतेकदा तिलाही पुरते. वास्तविक खुल्या जागेवर कोणीही उभे राहू शकते. कायद्याने तिला अडवलेले नसते. या पाच वर्षांत तिने ग्रामसेवकाबरोबर धनादेशांवर सह्या केलेल्या असतात, पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कुठे खर्चायचा यावर वाद घातलेले असतात, थकलेली पाणीपट्टी वसूल केलेली असते, ग्रामसभेत भावकीचे टोमणे ऐकूनही विषय रेटून नेलेले असतात. हाच अनुभव पुरुषाच्या गाठीशी असता तर त्याने पंचायत समितीचे तिकीट मागितले असते. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील आरक्षण पन्नास टक्क्यांवर नेले, त्यातून कारभार केलेल्या स्त्रियांची मोठी फळी तयार झाली. मात्र आपण पुढच्या पदासाठी तयार आहोत, हे त्यांच्यातल्या अनेकींनी अजून स्वतःशी कबूल केलेले नाही, आणि ते त्यांनी करावे असे मला कळकळीने वाटते.

हे मनाच्या कौलावर सोडून चालत नाही, कारण हा कौल एकाच बाजूला झुकतो. क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत स्त्री-पुरुषांना एकच चाचणी दिली आणि मग स्वतःच्या कामगिरीचे वर्णन करायला सांगितले. गुण सारखे असतानाही स्त्रियांनी स्वतःला कमी लेखले. नेमके किती गुण मिळाले हे त्यांना आधी सांगितले, तरी ते अंतर मिटले नाही. म्हणजे कमतरता माहितीची नव्हती. म्हणूनच ‘मला जमेल असे वाटते का?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘मी आतापर्यंत काय करून दाखवले आहे?’ हा विचारायला हवा. पहिल्याचे उत्तर लहानपणापासूनचे संस्कार देतात, दुसऱ्याचे ग्रामपंचायतीचे दप्तर देते. यात पुरुषांच्या फाजील आत्मविश्वासाची नक्कल नाही. उलट हा निकष पुरुष उमेदवारांनाही लावला तर सार्वजनिक जीवनाचे भलेच होईल.

यावर पहिला आक्षेप ‘सरपंचपतीं’चा येतो: सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, मग तयारी कसली? असे प्रकार आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावरून सगळ्यांना बाद ठरवणे पुराव्याला धरून नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवले की जिथे प्रमुखपद राखीव होते, तिथे पिण्याच्या पाण्यासारख्या, स्त्रियांनी ज्यांचा आग्रह धरला त्या कामांवर अधिक खर्च झाला. साऱ्याच बाहुल्या असत्या तर पैशाची वाट बदलली नसती. मुंबईचा दाखला आणखी जवळचा आहे. रिखिल भावनानी यांनी महापालिकेचे प्रभाग तपासले, तेव्हा आधी राखीव असलेल्या आणि नंतर खुल्या झालेल्या प्रभागांत स्त्री निवडून येण्याची शक्यता आधीच्या निवडणुकीत राखीव नसलेल्या प्रभागांपेक्षा सुमारे पाचपट आढळली. एकदा कारभार पाहिल्यावर मतदार खुल्या जागेवरही स्त्रीला निवडतो. अट एकच, ती उभी राहिली पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पक्ष तिकीट देत नाहीत, पैसा नाही, गाव छळते. अशा वेळी स्त्रियांना ‘स्वतःला ओळखा’ म्हणणे म्हणजे दोष त्यांच्याच माथी मारणे नव्हे का? अडथळे खरेच आहेत. २०२४ मध्ये विधानसभेच्या २८८ जागांवर केवळ २१ स्त्रिया निवडून आल्या. त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या महिला सरपंचाला सर्वोच्च न्यायालयाने पदावर परत बसवले. स्त्रीने कारभार पाहावा हेच गावकऱ्यांना सहन झाले नाही, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले. पण न मागता तिकीट देणारा पक्ष राज्यात नाही. एकटीने मागितले तर आगाऊ ठरण्याची भीती असते, म्हणून ही मागणी मिळून व्हावी. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर हीच वाट धरली आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेरला संपूर्ण महिला पॅनेल निवडून आले, तेही त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या आधी. आज बचत गटांची घट्ट वीण गावोगाव आहे. बँकेचे कर्ज वेळेवर फेडणाऱ्या या गटांनी आपल्यातल्या अनुभवी बाईचे नाव निवडणुकीच्या कितीतरी आधी उघडपणे पुढे करावे.

घाई करण्याचे कारणही आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवल्या आहेत. ही तरतूद जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू व्हायची आहे. आजच्या २८८ जागा धरल्या तरी सगळ्या जागा लढवणाऱ्या पक्षाला ९६ महिला उमेदवार लागतील. जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत, पंचायतीत राबलेल्या स्त्रियांनी तोवर आपला दावा नोंदवला नाही, तर ती तिकिटे नेत्यांच्या पत्नींना, लेकींना आणि सुनांना जातील, आणि अनुभवी उमेदवार मिळाल्याच नाहीत असे सांगायला पक्ष मोकळे राहतील.