चिंटू मोठा होत नाही

गेल्या उन्हाळी सुट्टीत आळंद तालुक्यातील एका गावी मुलांना ‘चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा’ हा २०१३ सालचा मराठी बोलपट दाखविण्यात आला. आम्हीही मागे खुर्ची टाकून बसलो होतो. मुले सारी कानडी शाळेत जाणारी; पण घरी मराठी बोलत असल्यामुळे एकही विनोद वाया गेला नाही.

हा चिंटू मूळचा कागदावरचा. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर या जोडीने १९९१ साली पुण्याच्या ‘सकाळ’ दैनिकात त्याला जन्म दिला. रोज तीन-चार चौकटी, आई-पप्पा, पप्पू, मिनी, जोशीकाकू, आणि एखादी खोडी. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ च्या मे महिन्यात त्याला पडद्यावर आणले, आणि पुरते वर्ष उलटण्यापूर्वीच, २०१३ च्या एप्रिलात, दुसरा भाग आला.

एवढी घाई कशासाठी, असे कोणी विचारील. जपानातही चित्रकथांवरून हाडामांसाच्या नटांचे बोलपट निघतात. नोबुहिरो वात्सुकी यांच्या ‘रुरौनी केन्शिन’ या तलवारबहाद्दराच्या कथेवरील पहिला बोलपट २०१२ सालचाच. त्याचे पुढील दोन भाग २०१४ साली आले व शेवटचे दोन २०२१ साली. नऊ वर्षे नायकाचे काम ताकेरू सातो यांनीच केले. प्रौढ नटास हे साधते. लहान मुलाचे तसे नव्हे. दोन वर्षांत आवाज फुटतो, विजार आखूड होते. कागदावरचा चिंटू वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, पण शुभंकर अत्रे या बालनटाला त्याच्यासाठी वाढायचे थांबता थोडेच येणार होते!

दुसऱ्या भागाची आणखी एक अडचण असते. चौकटीतल्या गोष्टीला उत्तरार्ध लागत नाही. तेथे रोज नवी सकाळ. बोलपटाला मात्र आधीच्याहून मोठे काही दाखवावे लागते. म्हणून येथे घर-अंगण मागे पडते व खजिन्याचा शोध सुरू होतो. आम्हांस अंगणातला चिंटू अधिक आवडतो. समोरच्या मुलांचे मत अगदी उलट पडले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

खेळ संपल्यावर पाचवीतला एक मुलगा मागे रेंगाळला. ‘फादर, ह्याचं पुस्तक असतंय का?’ आमच्यापाशी चिंटूचा एक जुना संग्रह होता, तो दिला. त्याने चित्रे पाहिली, पाने उलटली, आणि खाली मान घालून म्हणाला, ‘अक्षरं येत नाहीत.’ बोलपटातील शब्द न् शब्द ज्याला कळला, त्याला तीन चौकटींतील दोन ओळी वाचता येऊ नयेत! शाळेस दोष देण्यात अर्थ नाही. राज्याची भाषा त्यास आलीच पाहिजे. पण आम्हांस रात्री झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. आजी मराठी चौथी शिकलेली. चष्मा नाकावर घेऊन ती पुस्तक वाचीत होती आणि शेवटची चौकट आधीच डोळ्यांखालून घालून हसत होती. नातू तिचे बोट धरून अक्षरावर आणीत होता व चिडून सांगत होता, ‘आजी, आधी वाच की, मग हस!’