बऱ्या झालेल्या माणसाला घर द्या

दादरा-नगर हवेलीत दुधनीला किंवा खानवेलच्या आसपास एखादे भाड्याचे घर घ्यावे. मनोरुग्णालयातून बरी झालेली चार-पाच माणसे तिथे राहावीत, सोबतीला त्याच पाड्यावरची शिकवून तयार केलेली बाई पगारावर असावी आणि हा खर्च सरकारने उचलावा. एवढे म्हटले की हरकती सुरू होतात. आपल्याकडे कुटुंब असते, वेगळे घर कशाला? गाव राहू देणार नाही. एवढा पैसा कुठून आणायचा? आणलाच तर संस्थावाले खातील. आणि रुग्णालयात दोन वेळचे जेवण, गोळ्या, डॉक्टर सगळे आहे, तर हलवायचेच कशाला? या हरकती घेणारी माणसे दुष्ट नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी घरातल्या आजारी माणसासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्लेल्या आहेत. म्हणून त्यांना उत्तर द्यायचे तर ते नीट द्यायला हवे.

शेवटची हरकत सर्वांत वजनदार आहे, ती आधी घेतो. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मंजूर खाटा येरवड्याला २५४०, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५, म्हणजे एकूण ५६९५. दुधनीच्या एखाद्या कुटुंबाने मराठी बोलली जाते असे सरकारी मनोरुग्णालय शोधायचे ठरवले तर ठाणेच आधी समोर येते. या खाटांवरचा प्रत्येक माणूस आजारी आहे म्हणून तिथे आहे, असा आपला समज असतो, पण तो चुकीचा आहे. देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथली सुमारे ३६ टक्के माणसे वर्षाहून अधिक काळ आत होती आणि त्यांतल्या काहींनी पंचवीस वर्षे ओलांडली होती. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तीही याच दुखण्यावर होती. डॉक्टरांनी बरी म्हटलेली माणसे बाहेर न्यायला कोणी नाही म्हणून वर्षानुवर्षे वॉर्डात पडून राहतात. हे लक्षात आल्यावर न्यायालयाने राज्याकडून दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांचा हिशेब मागितला.

वॉर्डात जेवण मिळते, हे खरे. पण काय खायचे ते दुसरा ठरवतो, कधी झोपायचे तेही दुसराच ठरवतो. अंगावरचे कपडे स्वतःचे नसतात, हातात दहा रुपये नसतात, चहा करायला चूल नसते. अशी दहा वर्षे गेली की बरा झालेला माणूसही बाजारात भाव करायला घाबरतो, बसचे तिकीट काढताना गोंधळतो. मग आपण म्हणतो, पाहा, याला बाहेर जमत नाही. आजार गोळीने आटोक्यात आणायचा आणि माणसाला मात्र वॉर्डात दुबळे करायचे, याला उपचार म्हणता येत नाही. डॉक्टर हवा म्हणून जन्मभर रुग्णालयातच राहावे, असे मधुमेहाच्या रोग्याला आपण कधी सांगत नाही.

कायद्याने हा वाद केव्हाच मिटवला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम १९ सांगते की मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा गावात सोय नाही, एवढ्या कारणावरून त्याला आस्थापनेत ठेवून घेता येत नाही. गावात सोय नाही हीच सबब सरकार नेहमी पुढे करते. कायद्याने तिचे नाव घेऊन ती नाकारली आहे. कलम १८ तर सरकारवरच अशी जबाबदारी टाकते की मध्यस्थ निवास, आश्रित निवास आणि मदतीसह राहण्याची घरे उभी करावीत. तरीही मार्ग कसला निघाला? बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत पाठवण्याचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला हे थांबवायला सांगितले. एका कोंडीतून काढून दुसऱ्या कोंडीत टाकणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

दुधनीलगतच्या मधुबन धरणाच्या पाण्यात ज्यांची शेते आणि घरे गेली, त्यांच्या मुलाबाळांना पुनर्वसन समजावून सांगावे लागत नाही. जागा दाखवून मोकळे होणे आणि माणूस तिथे जगू शकणे यांतले अंतर या सरोवराच्या काठावर सगळ्यांना माहीत आहे.

आता कुटुंबाची हरकत. जिथे कुटुंब आहे आणि त्याला माणूस हवा आहे, तिथे माणसाने घरीच जावे, याबद्दल वाद नाही. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांच्या गावी पोहोचवले. त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कितीतरी घरांत आनंदाने दार उघडले जाते, हे त्या कामाने सिद्ध केले. पण सगळीच दारे उघडत नाहीत. आईबाप गेलेले असतात, नवऱ्याने दुसरा संसार मांडलेला असतो, भावांनी जमीन वाटून घेतलेली असते. बायकांच्या बाबतीत हे अधिक घडते. सासर म्हणते माहेरी न्या, माहेर म्हणते ती आता सासरची. अशा बाईला तुझे कुटुंबच तुला सांभाळेल असे सांगणे म्हणजे तिला वॉर्डात ठेवून घेणेच आहे. आणि कुटुंब तयार असले तरी त्याला मदत लागत नाही असे थोडेच आहे? दुधनी-खानवेलकडची तरुण माणसे सिल्वासाच्या, मसाटच्या कारखान्यांत पाळीवर जातात आणि दिवसभर घरात म्हातारी नाहीतर लहान मूल असते. गोळी वेळेवर घेतली का, झोप लागते का, पुन्हा एकटाच बडबडतो का, हे पाहायला आठवड्यातून दोनदा कोणी पगारी माणूस घरी आला, तर तो कुटुंबाचा अपमान ठरत नाही. कुटुंब मोडू नये म्हणूनच तो हवा.

गाव राहू देणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच प्रदेशाचे आकडे पाहावेत. दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या २००१ साली २,२०,४९० होती. २०११ साली ती ३,४३,७०९ झाली. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक वाढ झाली, ती मोठ्या प्रमाणात बाहेरून कामाला आलेल्या माणसांमुळे. ज्यांची भाषा, जात, गाव काही ठाऊक नव्हते, अशा हजारोंना आपण चाळीतल्या खोल्या भाड्याने दिल्या. त्यांच्या शेजारी राहिलो, त्यांच्या दुकानातून उधार घेतले. परक्याला सामावून घेणे या मातीला जमते. भीती वाटते ती वेडाची. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही, पण ती मोठी करून सांगितली जाते. औषध चालू असलेल्या आणि बरा म्हणून सोडलेल्या माणसाने इतरांना इजा करण्यापेक्षा तो स्वतःच फसवला जाण्याची, मार खाण्याची शक्यता जास्त असते. शेजाऱ्याला खरे उत्तर हवे असते ते वेगळ्याच प्रश्नाचे. रात्री काही झाले तर बोलवायचे कोणाला? त्याला नाव आणि फोन नंबर द्यायला हवा. घरातल्या सोबतिणीचा, खानवेलच्या रुग्णालयाचा आणि १४४१६ या टेलि-मानसच्या मदत क्रमांकाचा. एवढे हातात असले की निम्मा विरोध मावळतो.

ही केवळ कल्पना नाही. चेन्नईची द बॅनियन ही संस्था १९९३ पासून बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी काम करते. तिने होम अगेन नावाची पद्धत उभी केली. चार-पाच जणांनी साध्या वस्तीतल्या साध्या भाड्याच्या घरात एकत्र राहायचे, स्वयंपाक, बाजारहाट, काम, भांडण, सणवार सगळे स्वतः करायचे आणि लागेल तेवढीच मदत घ्यायची. मदतीला डॉक्टर-परिचारिकांची फौज नसते. स्थानिक बायकांनाच शिकवून तयार केलेले असते. हीच पद्धत रत्नागिरीतही आली. १८८६ पासूनच्या तिथल्या मनोरुग्णालयातली माणसे कोकणातल्या वस्त्यांत भाडेकरू म्हणून राहू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली समाजातच द्यायच्या मानसिक आरोग्य सेवांवर मार्गदर्शिका काढली, तेव्हा जगभरातल्या निवडक उदाहरणांत होम अगेनचा समावेश केला. त्यातच खर्चाच्या हरकतीलाही उत्तर आहे. अशा घरात माणसामागे येणारा खर्च सरकारी मनोरुग्णालयातल्या खर्चाच्या एक तृतीयांशाहूनही कमी पडतो, असे तिथे नोंदवले आहे.

मग अडते कुठे? पैसा नाही, असे नाही. तो चुकीच्या जागी बांधून ठेवला आहे. आयुष्मान भारत योजना २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण देते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. मानसिक आजाराचाही त्यात समावेश आहे, तोही खाटेवर झोपलेल्यासाठी. खाट सोडून घरी राहायला लागलेल्या माणसाच्या सोबतिणीचा पगार त्यातून निघत नाही. अमेरिकेने हीच चूक आपल्याआधी केली. तिथली मेडिकेड ही गरिबांच्या आरोग्याची सरकारी योजना १९६५ ची. शुश्रूषागृहातल्या खाटेचे पैसे देणे प्रत्येक राज्याला सक्तीचे होते, घरी मदत देणे मात्र ऐच्छिक. साहजिकच माणसे खाटेकडे ढकलली गेली. त्याआधीच मोठी सरकारी मनोरुग्णालये रिकामी करण्याचा सपाटा सुरू झाला होता. तिथून बाहेर पडलेल्या अनेकांना ना घर मिळाले ना मदत. कित्येक रस्त्यावर आले, तुरुंगात गेले. रुग्णालय बंद करा, एवढेच म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. माझेही म्हणणे तेवढेच नाही.

सुधारणा हळूहळू झाली. १९८१ मध्ये घरी मदत देण्यासाठी पैसे वापरायला राज्यांना सवलत मिळाली. २२ जून १९९९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्मस्टेड खटल्यात निकाल दिला. लोईस कर्टिस आणि इलेन विल्सन या जॉर्जियातल्या दोन बायकांना डॉक्टरांनी बाहेर राहायला योग्य ठरवले होते, तरी त्या मनोरुग्णालयातच होत्या. माणसाला विनाकारण कोंडून ठेवणे हा भेदभाव आहे, असे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्या निकालात लिहिले. कर्टिस पुढे चित्रकार झाली आणि २०११ मध्ये तिने आपले चित्र राष्ट्राध्यक्ष ओबामांना भेट दिले. २००५ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. माणूस शुश्रूषागृहातून बाहेर पडला की त्याच्या नावचा पैसाही त्याच्यामागे बाहेर यावा, अशी योजना आली. घराची अनामत, भांडीकुंडी, सामान हलवणे आणि पुढची सोबत या सगळ्यासाठी नोंदणी झालेला सेवा देणारा बिल लावू शकतो. यातूनच तिथे अनेक लहान संस्था आणि साधी माणसे या कामात आली.

इथे पैसे खाण्याची हरकत येते आणि ती मी टाळणार नाही. मिनेसोटा राज्याने २०२० मध्ये घर मिळवून देणाऱ्या आणि टिकवणाऱ्या सेवांसाठी मेडिकेडचे पैसे देणे सुरू केले. वर्षाला सुमारे २६ लाख डॉलर लागतील असा अंदाज होता. २०२४ मध्ये बिले १० कोटी डॉलरच्या वर गेली. न भेटलेल्या माणसांच्या नावावर पैसे उचलले गेले, धाडी पडल्या आणि २०२५ मध्ये राज्याने तो कार्यक्रमच बंद केला. ज्यांना खरेच मदत मिळत होती, तेही त्यात उघड्यावर पडले. आपल्याकडचे उदाहरण याहून भयंकर आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडाने बांधलेली २८ माणसे जळून मेली. ज्याच्यावर कोणाचीही नजर नाही अशा माणसाच्या हाती दुबळ्याला सोपवले की काय होते, ते त्या दिवशी देशाने पाहिले.

म्हणून काम सोडून द्यायचे नाही, नजर ठेवायची. एकाच मालकाने पन्नास माणसांची वसतिगृहे काढायला परवानगी नको. एका घरात पाचहून अधिक माणसे नकोत. भाडेकरार राहणाऱ्याच्या नावाने हवा, म्हणजे सेवा देणारी संस्था बदलली तरी डोक्यावरचे छप्पर जाणार नाही. खोलीला आतून कडी हवी, हवे तेव्हा खाता यावे, हवे त्याला भेटता यावे, सोबत कोणाची हे स्वतः निवडता यावे. अमेरिकेने २०१४ च्या नियमांत जवळपास हेच सक्तीचे केले आहे. बिल मंजूर करण्यापूर्वी कोणीतरी न सांगता जाऊन त्या माणसाला भेटावे आणि मदत मिळते का, हे त्यालाच विचारावे. आपल्या कायद्यातल्या पुनर्विलोकन मंडळांनी यात लक्ष घालावे. काही निधी तर आजही मागता येतो. केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत बऱ्या झालेल्या मनोरुग्णांच्या मध्यस्थ निवासासाठी अनुदानाची तरतूद आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजार दिव्यांगत्वात धरलेला आहे.

दुधनीसारख्या ठिकाणी हे काम शहरापेक्षा अवघड आहे, हे मान्य. पाडे विखुरलेले आहेत आणि मनोविकारतज्ज्ञ सिल्वासाला बसतो. पण इथे काही गोष्टी शहराहून बऱ्याही आहेत. अंगण आहे, कोंबड्या-शेळ्या आहेत, कमरेला विळा लावून शेतावर जायचे काम आहे. माणसाला हात हलवायला इथे काही ना काही मिळतेच. वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या माणसाला ठाण्याच्या वॉर्डात स्वतःच्या बोलीत गप्पा मारायला कोणी मिळेलच असे नाही. इथे शेजारीण त्याच बोलीत विचारील, जेवलास का?

दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनाने खानवेल-दुधनी पट्ट्यात एक घर, पाच माणसे आणि दोन पगारी सोबतिणी एवढ्यावर सुरुवात करावी, आणि माणसामागे दरमहा ठरलेली रक्कम नोंदणीकृत सेवा देणाऱ्याला द्यावी. महाराष्ट्र सरकारने ठाण्याच्या वॉर्डातली या भागातली माणसे कोण, ते शोधून कळवावे. आणि ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे, ज्या बायकांना घराजवळ पगाराचे काम हवे आहे, ज्या संस्थांना आजवर फक्त शिबिरे घेता आली, त्यांनी प्रशासनाच्या पत्राची वाट न पाहता सिल्वासाच्या श्री विनोबा भावे रुग्णालयात जाऊन विचारावे की आमच्या भागात परतायला कोण थांबले आहे.