लाल शाईचा अपव्यय

इंग्रजीच्या घसरलेल्या दर्जाविषयी हळहळ व्यक्त करणे हा आपल्याकडील सुशिक्षितांचा जुना विरंगुळा आहे. मराठी माध्यमाच्या शाळांत सन २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासूनच शिकविले जाऊ लागले. तरीही ही हळहळ ओसरलेली नाही, आणि आमच्या मनीषनगरातील इंग्रजी संभाषणाच्या वर्गांच्या पाट्याही कमी झालेल्या नाहीत. परंतु इतकी वर्षे इंग्रजी शिकलेला विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो, आणि त्याच्या कोणत्या चुकीने कोणाचे काय बिघडते, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तो टाळता येत नाही. कारण त्याच्यापुढील उत्तरपत्रिकांत भाषेची चूक पुष्कळदा आकड्याची चूक होऊन बसते.

‘पर्यंत’ हा आपला साधा शब्द घ्या. ‘३१ मार्चपर्यंत अर्ज करावा’ आणि ‘३१ मार्चपर्यंत कार्यालय उघडे राहील’ या दोन्ही वाक्यांत मराठीला तो एकच पुरतो. इंग्रजीला पुरत नाही. पहिल्या वाक्यात ‘बाय’ हवे, कारण काम त्या मुदतीच्या आत एकदाच व्हावयाचे आहे. दुसऱ्यात ‘टिल’ हवे, कारण स्थिती त्या दिवसापर्यंत चालू राहावयाची आहे. रक्कम भरण्याच्या मसुद्यात ‘बाय’च्या जागी ‘टिल’ पडले, की ती एकदाच भरावयाची की तोवर भरत राहावयाची, असा वाद निघू शकतो. आकड्यांच्या प्रांतात हाच ‘बाय’ वेगळा घोळ घालतो. दर दोन टक्क्यांनी वाढणे आणि दर दोन टक्क्यांवर जाणे यांतील भेद मराठीत प्रत्ययाने आपोआप सांभाळला जातो. इंग्रजीत ‘बाय’ आणि ‘टू’ यांची अदलाबदल झाली की तो पुसला जातो.

याहून गंभीर प्रकार दुसऱ्याचे बोलणे नोंदविताना घडतो. ‘तो म्हणाला की मी पैसे भरले’ हे मराठीत निर्दोष आहे. येथील ‘मी’ म्हणजे बोलणारा, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. हेच वाक्य शब्दशः उतरवून ‘ही सेड दॅट आय पेड’ असे लिहिले, की पैसे भरणारा इसमच बदलतो! सभेचे इतिवृत्त किंवा चौकशीचा अहवाल लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातून असे वाक्य गेले तर त्याचे परिणाम तिसऱ्याच माणसाला भोगावे लागतात.

उलट ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’, ‘प्रीपोन’ यांनी कोणाचे एका पैचेही नुकसान होत नाही. ‘डू द नीडफुल’ तर साहेबाच्याच कचेरीतले. साहेबाने ते टाकले, आपल्या फायलींनी जपले. परंतु अध्यापकाची लाल शाई सर्वाधिक खर्च होते ती येथेच, कारण या चुका चटकन दिसतात आणि त्यांवर हसता येते.

विरामचिन्हांची कथा याच जातीची. ती मराठीत रुजली एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी. त्यामुळे असेल कदाचित, आपण स्वल्पविरामाला आजही दम घेण्याची जागा समजतो. अमेरिकेतील मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी जादा कामाच्या वेतनासाठी दावा लावला, तेव्हा कायद्यातील एका यादीत नसलेल्या स्वल्पविरामावर सारे अडले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

हे दूरचे उदाहरण म्हणून सोडून देता येणार नाही. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज, अर्थात आपल्या नागपूर खंडपीठाचेही, इंग्रजीत चालते. राज्याचा कायदा मराठीत झाला तरी राजपत्रात प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी अनुवाद हाच त्याचा इंग्रजीतील अधिकृत पाठ ठरतो. तेव्हा इंग्रजी न जाणणाऱ्या शेतकऱ्याचा वा निवृत्तिवेतनधारकाचा हक्कही शेवटी कोणा मराठी माणसाने रचलेल्या इंग्रजी वाक्यावर उभा असतो.

या घातक चुका आळसातून येत नाहीत. त्या मराठीच्या घडणीतून येतात. म्हणून त्यांचा उपायही मराठीच्या साहाय्यानेच होईल. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले ते दोन भाषांची वाक्ये समोरासमोर मांडूनच. पुढे ही पद्धत कालबाह्य ठरली, आणि इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारणे हा जणू गुन्हाच झाला. भाषांतराने बोलता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण कारकुनाला, शिक्षकाला, वकिलाला आयुष्यभर करावयाचे असते ते लेखन. आणि तेही बहुधा मराठीत घडलेल्या गोष्टींचे इंग्रजीत. महाविद्यालयीन इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत गाळलेले उपपद भरण्याऐवजी एका मराठी सभेचे इतिवृत्त इंग्रजीत लिहावयास सांगावे. कोण काय म्हणाले आणि कोणती रक्कम कोणत्या तारखेच्या आत द्यावयाची ठरली, एवढे जरी त्यात अचूक उतरले तरी परीक्षकाने ‘डिस्कस अबाउट’कडे खुशाल काणाडोळा करावा.