मसुदा कुणाच्या हातचा?



कॅनडाच्या उत्तरेत मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून कंपन्यांना गॅसची पाइपलाइन न्यायची होती. १९७४ साली सरकारनं न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना चौकशीवर नेमलं. हा माणूस राजधानीत बसून राहिला नाही. ३५ गाववस्त्यांत गेला. शिकारी, मच्छीमार, म्हाताऱ्या बाया आपल्या भाषेत बोलल्या. १९७७ च्या अहवालात त्यानं बजावलं: आधी आदिवासींच्या जमिनीचा हक्क ठरवा, दहा वर्षं पाइपलाइन नको.

पण ऐकून घेणं वेगळं, लेखणी हाती देणं वेगळं. पुढं त्लिचो आदिवासींनी करार करून जमीन-पाण्याचं मंडळ मिळवलं. पाचांत दोघं त्यांचे. २०१४ साली संसदेनं तिथली प्रादेशिक मंडळं मोडून एकच करायचा कायदा केला. अकरांत त्लिचोंचा एक! ते गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. २०१५ ला स्थगिती मिळाली, २०१९ ला संसदेलाच ती कलमं मागं घ्यावी लागली.

तेव्हा सुनावणीचं बोलावणं आलं म्हणून हुरळू नका. पहिल्यांदा विचारा, मसुदा लिहिला कुणी? आपल्या नदीचा कायदा लिहिताना आपण बाहेर ओट्यावर का?